खोलीतला मुकादम

सान रोके वस्ती, नेग्रोस बेट
९ ऑक्टोबर २०२२

इंदाय रोझेल, माझ्या पोरी,

डबा म्हणजे काय, हे तुला आठवतं का? गोल असतो, निळा असतो, झाकणावर बिस्किट खाणाऱ्या गोऱ्या बाईचं चित्र असतं. आत मी पाठवलेलं खाणं असतं. ते संपलं की डबा धुवायचा, पुसायचा, आत काहीतरी घालायचं आणि परत पाठवायचा. माझे तीन डबे तुझ्याकडे आहेत. फेब्रुवारीतला गूळ भरलेल्या पियाया-पोळ्यांचा, मेमधला सुकटीचा, ऑगस्टमधला गुळाचा. मनिलाला जाऊन माणसं देवाला विसरतात असं ऐकलं होतं. डब्यालाही विसरतात हे तुझ्यामुळे कळलं. इस्को मनिलाच्या बोटीवरून उतरतो तो दर खेपेला रिकाम्या हाताने, आणि माझ्या नजरेला नजर देत नाही. बोटीवर दोनशे माणसांना जेवू घालणारा स्वयंपाकी तो, माझ्या दारात चोरासारखा उभा राहतो.

दुसरं. तू म्हणे नेनिताच्या फोनवर लिहून पाठवलंस. ती तुझी मावशी आणि माझी लेक असली तरी सांगते, ती वाचून दाखवते तेव्हा अर्धं गिळते आणि अर्धं स्वतःच्या पदरचं घालते. फोनवर बोलावं तर तू ‘हो लोला, बरी आहे लोला’ म्हणून ठेवून देतेस. म्हणून मी मिस पेर्पेतुआला ओट्यावर बसवलं आहे. पहिलीत तिने तुला अक्षरं शिकवली, म्हातारपणी माझी लिहून घेते आहे. कागद तिचा, शिव्या माझ्या.

(शिव्या मी गाळते आहे. – पेर्पेतुआ)

इथलं काय सांगू. कांदा किलोला दोनशे पेसोंच्या वर गेला आहे. काल दुकानात मी एक कांदा हातात घेऊन भाव विचारला, तर दुकानदारीण म्हणाली, ‘लोला तोयांग, घ्यायचा नसेल तर खाली ठेवा, हाताळू नका.’ कांदा आहे की बिशपची अंगठी? मी तो तिच्यासमोर पुन्हा हाताळला. दोन्ही हातांनी.

आता मुद्द्याचं. तुझ्या लोलोला, माझ्या म्हाताऱ्याला, जाऊन सतरा जानेवारीला वर्ष होतं. त्या दिवशी वर्षभराच्या दुखवट्याचं काळं उतरवायचं. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, पुढे तुला खांद्यावर घेऊन वाढवलं ते त्याने. तेव्हा त्याच्या फोटोपुढची मेणबत्ती तू लावायची, आणि माझ्या अंगावरचा काळा झगा तू उतरवायचा. नेनिता म्हणते, मी उतरवते. मी म्हटलं, तू हात लावून बघ. रोझेल येईल तेव्हाच तो उतरेल. या उकाड्यात काळ्या कापडात मी सुकटीसारखी वाळते आहे, हे लक्षात असू दे.

या वेळचा डबा चौथा. पियाया आहे.

तुझी लोला,
तोयांग (खाली अंगठा)

—

केसोन सिटी, मनिला
२७ ऑक्टोबर २०२२

प्रिय लोला,

पियाया मिळाला. एकही मोडला नव्हता, इस्कोकाकांना सांग. डब्यांचं विसरले नाही गं, राहून जातं. पाठवते.

तू विचारलं नाहीस तरी सांगते, माझं काम छान चाललं आहे. ऑस्ट्रेलियातली कंपनी आहे, कुत्र्यांच्या गाद्या विकते. हसू नकोस. तिथल्या माणसांच्या तक्रारी येतात, त्यांना मी उत्तरं लिहिते. गादी लहान पडली, गादीचा रंग फोटोसारखा नाही, कुत्रं गादीवर बसतच नाही. ऑफिसला जायला लागत नाही, म्हणजे जीपनीच्या भाड्याचे पैसे वाचतात आणि धूर खावा लागत नाही. खोलीतच टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, पाठीशी पलंग. हात लांब केला की शेगडी. राणीसारखी बसल्या जागी सगळं.

मिस, इथून पुढचा मजकूर लोलाला वाचून दाखवू नका. ‘हवा बरी आहे’ असं म्हणा. मला जानेवारीत येता येणार नाही. या कामाला सुट्टी नसते, तासावर पैसे आहेत. कॉम्प्युटरमध्ये त्यांनी एक प्रोग्रॅम घातला आहे. तो दर दहा मिनिटांनी माझा आणि माझ्या पडद्याचा फोटो काढतो, बटणं किती दाबली ते मोजतो. पाच मिनिटं हात थांबला तर तेवढा वेळ कापतो. तीन दिवस मशीन बंद राहिलं तर माझी जागा दुसऱ्या मुलीला. अशा मुली रांगेत उभ्या आहेत, त्यांतल्या दोन याच इमारतीत राहतात. मशीन मी घेतलं, इंटरनेट माझं, आणि घरमालक विजेला स्वतःचा दर लावतो. कॉम्प्युटर आणि पंखा एकदम परवडत नाहीत, म्हणून पंखा बंद असतो. लोलाला हळूहळू तयार करा, मिस. तुमच्या शब्दात सांगा. तुमचं ती ऐकते.

नेनिता मावशीला आणि सगळ्यांना माझा नमस्कार. लोला, उकाड्यात जपून राहा.

तुझी,
रोझेल

—

सान रोके
१४ नोव्हेंबर २०२२

रोझेल,

मिस पेर्पेतुआ पत्र वाचता वाचता थांबली. चष्मा काढून पुसला. खोकली. मग म्हणाली, ‘हवा बरी आहे म्हणते.’ मी म्हटलं, मिस, हवा बरी आहे हे सांगायला इतक्या ओळी लागतात? मला अक्षरं येत नाहीत, पण ओळी मोजता येतात. माझा जन्म उसाच्या मोळ्या मोजण्यात गेला. ती म्हणाली, खाजगी आहे. मी म्हटलं, माझ्या घरात माझ्या ओट्यावर माझ्या नातीचं पत्र, आणि खाजगी कुणाला? मला?

(मी दोन तास तग धरला. मग त्यांनी माझी छत्री लपवली आणि बाहेर पाऊस होता. क्षमा कर, रोझेल. – पेर्पेतुआ)

आता ऐक. तीन पिढ्या आम्ही उसाच्या फडात वाकलो. तुझ्या आजीला, पणजीला मुकादम होता. माझ्या वेळचा सिल्वेरिओ. घोड्यावरून यायचा, उसाच्या रांगेच्या टोकाला उभा राहायचा, आणि कोण कंबर सरळ करतं ते बघायचा. नीच माणूस होता. पण घोडा त्याचा होता. कोयता मालकाचा होता. झोपडी मालकाची, विहीर मालकाची, तांदूळ मालकाच्या दुकानातला. त्याने हिशेबात खोट केली तरी आम्ही म्हणायचो, चला, बसलो आहोत मालकाच्याच जागेत.

तुझं काय आहे? खोलीचं भाडं तू भरतेस. मशीन तू घेतलंस. वीज तुझी, तार तुझी, पलंग तुझा. मुकादमाला बसायला खुर्ची तू दिलीस, त्याच्या घोड्याला चारा तू घालतेस, आणि तोच तुला लघवीला जाऊ देत नाही?

(मूळ शब्द लघवी नव्हता. – पे.)

आणि वर मला लिहितेस, राणीसारखी बसते! राणीचे फोटो दर दहा मिनिटांनी काढतात का? मशीन चालू राहावं म्हणून राणी पंखा बंद करून बसते का? कुत्रं गादीवर बसत नाही म्हणून कुणी तक्रार करतं, आणि तू घामाच्या खुर्चीवर बसून त्याची समजूत घालतेस. सिल्वेरिओ निदान संध्याकाळी घरी जायचा. घोड्यालाही दमायला व्हायचं. हा तुझा मुकादम तर तुझ्या पलंगापाशीच राहतो.

मला वाटलं होतं, तुला शिकवलं म्हणजे फडातून बाहेर काढलं. तुझ्या लोलोने तुझ्या कॉलेजसाठी रेडा विकला. विकताना रेड्याच्या कपाळाला हात लावून म्हणाला, ‘तू जा, ती शिकून येईल.’ काय दिवे लागले बघ. रेडा गेला आणि तू फड घेऊन खोलीत बसलीस.

सुट्टी माग. तोंड उघडून माग. मेलेल्या माणसासाठी मागते आहेस, लाजायचं काय त्यात? नाही म्हणाले तर त्यांना सांग, माझी आजी काळ्या झग्यात बसून आहे आणि तिला राग आला आहे. ऑस्ट्रेलिया इथून फार लांब नाही म्हणतात.

तोयांग (अंगठा)

—

केसोन सिटी
५ डिसेंबर २०२२

लोला,

मिस, हे सगळं वाचा. एक ओळ गाळू नका.

सुट्टी मागितली. उत्तर आलं, ‘तुमच्या नुकसानीबद्दल आम्हाला वाईट वाटतं. तुम्ही किती काळ अनुपलब्ध राहणार ते कळवा, म्हणजे तुमची जागा भरता येईल.’ ते तरी बरं, मृत्यू कधीचा आहे हे विचारलं नाही.

तुला राग आला आहे. मलाही आला आहे लोला, आणि तुझ्यावर. काम सोडू का? सांग ना, सोडते. मग काय खाऊ? इथे कांदा तीनशेच्या पुढे गेला आहे. अंडं महाग, साखर महाग, तूच ज्या बेटावर राहतेस तिथली साखर! भाडं जानेवारीपासून वाढतं आहे. आणि नेनिता मावशीच्या पोरांच्या शाळेसाठी जुना लॅपटॉप कुणी पाठवला? तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कशातून येतात? त्याच मुकादमाच्या खिशातून येतात. तू रोज सकाळी पाण्याबरोबर त्यालाच गिळतेस.

आणि फडाचं मला सांगू नकोस. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, पण मला आठवतं. तिसऱ्या दिवशी तू पहाटे डोक्याला कापड बांधलंस, कोयता घेतलास आणि कामावर गेलीस. नऊ दिवसांची प्रार्थना चालू होती. बायका ओट्यावर बसून मणी ओढत होत्या आणि तू उसात. मी लोलोला विचारलं, लोला कुठे गेली? त्याने मला उचलून खांद्यावर घेतलं. तेव्हा तुला नाही म्हणता आलं का? पोटची लेक होती. मग मला कशाला शिकवतेस?

मी पडद्यावरून येईन. मावशीकडे लॅपटॉप आहे. तो टेबलावर ठेवा, मी इथून बघेन, प्रार्थना म्हणेन. एका कोपऱ्यात काम चालू ठेवता येतं. हजारो लोक असं करतात. मेणबत्ती मावशीला लावू दे. झगा उतरव, लोला. हट्ट करू नकोस.

रोझेल

—

सान रोके
१९ जानेवारी २०२३

रोझेल,

तू काय पाहिलंस आणि काय नाही, मला माहीत नाही. म्हणून सगळं सांगते.

साठ माणसं आली होती. कांदा साडेसहाशे झाला आहे, कोंबडीपेक्षा महाग. नेनिताने साठ माणसांच्या शेवयांत दोन कांदे चिरले, तेसुद्धा इतके बारीक की वाढताना लोक ते बोटाने दाखवत होते. ‘हा बघ, आला माझ्या ताटात!’ तुरीचे दाणे, फणस आणि डुकराचं मांस केलं होतं, तुझ्या लोलोला आवडायचं तसं. त्यात कांदाच नव्हता. मेलेल्या माणसाला कळणार नाही म्हणे. त्याला जिवंतपणी एक मिरची कमी पडली तर कळायचं.

टेबलावर त्याचा फोटो. पुढे मेणबत्ती आणि त्याचं ताट, आपण गेलेल्या माणसाला वाढतो ते. शेजारी तो लॅपटॉप, त्यात तू. तुझं तोंड बघून बायका म्हणाल्या, किती वाळली! मिस म्हणाली, पडद्यावर तसं दिसतं. प्रार्थना सुरू झाली, तुझे ओठ हलत होते, तेवढं मला पुरलं होतं. मी मनात म्हणत होते, जाऊ दे तोयांग, उतरव झगा, पोरगी आली आहे कशीबशी.

मग जेवायची वेळ झाली आणि नेनिताच्या पोटात तुझी माया उसळली. ‘बिचारी नुसती बघत बसली आहे.’ तिने एक ताट वाढलं. भात, शेवया, मांस, आणि एक कांद्याचा तुकडा शोधून वर ठेवला. ते ताट तिने तुझ्यापुढे ठेवलं. पडद्यापुढे. जवळची मेणबत्ती थोडी सरकवली, कारण तिची ज्योत तुझ्या तोंडावर चमकत होती. आणि ती म्हणाली, ‘घे रोझेल, जेव.’

तू हलली नाहीस.

ती म्हणाली, ‘रोझेल?’ तू हलली नाहीस. डोळे सरळ, ओठ मिटलेले. पापणी लवत नव्हती. पुढे ताट, बाजूला मेणबत्ती, आणि शेजारी तसाच तुझा लोलो, त्याच्यापुढे तसंच ताट.

साठ माणसं एकदम गप्प झाली. कुणीतरी छातीवर क्रूस काढला. नेनिताला तेव्हा कळलं आपण काय केलं ते, आणि ती किंचाळली. मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. मिस म्हणते, तेही लिहायला सांगू नका. मी उठले आणि त्या पेटीचं झाकण फाडकन मिटलं. ताट उचललं आणि कुत्र्यांना घातलं. कांद्यासकट.

मिस आणि इस्को मला समजावत होते की तार अडकते, चित्र थांबतं, त्यात काही नाही. मला कळतं. मी अडाणी आहे, मूर्ख नाही. पण जिवंत नातीपुढे मेलेल्याचं ताट वाढलं गेलं ते माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. का? कारण ती यायच्या ऐवजी तिचं चित्र आलं. माणूस आलं असतं तर ताट हातात दिलं असतं!

झगा अंगावर आहे. या जन्मात उतरेल असं दिसत नाही. पेटीत घालाल तेव्हा नवा घ्यायला नको, तेवढाच खर्च वाचला.

तोयांग (अंगठा)

—

केसोन सिटी
१ फेब्रुवारी २०२३

लोला,

चित्र अडकलं नव्हतं.

मी तशीच बसले होते. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका येतो. तो आला की मिनिटाभरात फोटो निघतो. तेव्हा मी कामाकडे बघताना दिसावी लागते. बोलताना नाही, रडताना नाही. मावशीने ताट ठेवलं आणि तेव्हाच ठिपका आला. मी म्हटलं, एक मिनिट. एवढंच मिनिट बसू, मग बोलू.

मला सगळं ऐकू येत होतं. मावशीची हाक. मग ती शांतता. मावशी किंचाळली ते. आणि तुला आठवत नसेल तर मी सांगते तू काय म्हणालीस. तू म्हणालीस, ‘ही कधी मेली?’

मला ‘मी आहे’ म्हणायचं होतं. ठिपका गेला नव्हता. मग तू झाकण मिटलंस.

आणि फोटो निघालाच, लोला. माझ्या तोंडाचा नीट निघाला, पण पडद्याचाही निघतो ना, त्यात तुम्ही सगळे होता. त्यांचा निरोप आला, ‘कामाच्या वेळेत खाजगी समारंभ. आजचे तास धरले जाणार नाहीत. पुन्हा आढळल्यास करार संपेल.’ तो फोटोही पुरावा म्हणून जोडला होता. त्यात लोलोचा फोटो आहे. ताट आहे. टोकाला तुझी काळी बाही दिसते. मी तो फोटो ठेवून घेतला आहे. दुसरा एकही माझ्याकडे नाही त्या दिवसाचा.

तू फोटोंवर चिडतेस म्हणून सांगत नव्हते. आणखी एक सांगायचं राहिलं आहे, तेही आता सांगते. डबे मी विसरले नाही. चारही पलंगाखाली आहेत. धुऊन, पुसून, एकावर एक. दर पगाराला एक बाहेर काढते. डबा रिकामा पाठवू नये हे तूच शिकवलंस. मी दुकानात जाते, लोला. बिस्किटं बघते, हातात घेते, ठेवते. परत येऊन डबा पलंगाखाली सरकवते.

तू चिडलीस तरी चालेल. पण पुन्हा झाकण मिटू नकोस माझ्यावर.

रोझेल

—

सान रोके
१२ फेब्रुवारी २०२३

माझ्या इंदाय,

पत्र मिसने दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी तीच रडायला लागली, म्हणून मग मी तिला कॉफी करून दिली. बघ, माझ्याच घरात मला असली कामं.

तू डिसेंबरात मला एक विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. जानेवारीच्या गडबडीत विसरले असं तुला वाटू दिलं. विसरले नव्हते. उत्तर असं आहे. कारखाना सुरू होता, तोडीचा हंगाम होता. सिल्वेरिओ दुसऱ्या दिवशी ओट्याशी आला, टोपी काढली, तुझ्या आईच्या पेटीपाशी हात जोडले. जाताना म्हणाला, ‘तोयांग, उद्या रांग रिकामी दिसली तर झोपडी दुसऱ्याला द्यावी लागेल. माझ्या हातात नाही.’ झोपडीत तू होतीस, चार वर्षांची. मी गेले. तो रांगेच्या टोकाला घोड्यावर होता. त्याची नजर माझ्याकडे आली की मी डोळे सरळ ठेवायची, ओठ मिटायची, आणि ऊस तोडायची. एक थेंब त्याला दाखवला नाही. तो पुढे गेला की मग.

तेव्हा तुझं ते तोंड मला ओळखू यायला पाहिजे होतं. आरशात इतकी वर्षं पाहिलं आहे. साठ माणसांत एकटीला मलाच कळायला हवं होतं की पोरगी जिवंत आहे आणि तिच्यासमोर कोण उभं आहे. मी तिलाच मिटून टाकलं. तू म्हणतेस तसं मी बोलले असेन, तर माझी जीभ झडो.

पण चूक माझी असली तरी राग संपला आहे असं समजू नकोस. तो आता योग्य दाराशी गेला आहे. भडव्यांनी तुझ्या लोलोचं ताट पुरावा म्हणून जोडलं! चोरीचा माल होता का तो?

(शब्द तसाच ठेवला आहे. माझ्याकडेही दुसरा नव्हता. – पेर्पेतुआ)

काम सोड असं मी म्हणणार नाही. मीही सोडलं नव्हतं, आणि गोळ्या मला लागतात. तेव्हा मी ठरवलं आहे ते ऐक, आणि ‘लोला, हट्ट करू नकोस’ हे वाक्य लिहून शाई वाया घालवू नकोस. मी मनिलाला येते आहे. मार्चच्या पहिल्या खेपेला, इस्कोच्या बोटीने. तो मला स्वयंपाकघराजवळच्या बाकावर झोपवणार आहे. नेनिता म्हणाली, आई, एक्याऐंशीव्या वर्षी बोट लागेल. मी म्हटलं, मला लागेल की बोटीला, ते बघू.

लोलोचा फोटो पिशवीत घातला आहे. मेणबत्ती घातली आहे. झगा अंगावरच आहे. तुझ्या खोलीत, तुझ्या टेबलाशेजारी आपण दोघीच काळं उतरवू. तू कामावरून उठायचं नाहीस. एका हाताने कुत्र्यांच्या गाद्या सांभाळ, एका हाताने माझी बटणं काढ. पाच मिनिटं तुझा हात थांबायला नको ना? झग्याला नऊ बटणं आहेत, मी मोजली आहेत, होईल.

आणि पलंगावर मी बसणार. तुझ्या बरोबर मागे. तुझा तो ठिपका आला की मला सांगायचं. मी कॅमेऱ्याकडे बघणार. दर दहा मिनिटांनी त्यांना माझं तोंड मिळेल, फुकट. पुरावा पाहिजे ना त्यांना? एक्याऐंशी वर्षांचा पुरावा आहे. सिल्वेरिओच्या घोड्यानेसुद्धा माझ्याकडे फार वेळ बघितलं नव्हतं. ते चिडले तर तू लिही, ही माझी मागची भिंत आहे, भाड्याबरोबर आली.

पंखा लावायचा. मी असेपर्यंत पंखा चालू राहील. त्या महिन्याची वीज मिस देते म्हणते. मी नाही म्हटलं, तर तिने पेन खाली ठेवलं आणि लिहायचं बंद केलं, म्हणून हो म्हणावं लागलं.

तांदूळ मी आणते. सुकट आणते. कांदे दोन आणते, नेनिताच्या परसात उगवलेले, बोराएवढे आहेत पण आहेत. तू बाजारात जाऊन काहीही घ्यायचं नाहीस.

आता डब्यांचं. पलंगाखालचे चारही डबे काढ. इस्को अठ्ठावीस तारखेला मनिलाच्या बंदरात आहे, त्याच्याजवळ दे. ते माझ्या हातात पडल्याशिवाय मी बोटीवर पाय ठेवणार नाही. रिकामे पाठवू नकोस, हे मी तुला शिकवलं ते खरंच आहे. पण बिस्किटांनीच भरावेत असं मी कधी म्हटलं होतं? मीठ घाल. प्रत्येकात एक मूठ, जाडं मीठ, साधं, झाकणाला कागद लावून, म्हणजे बोटीवर ओल धरणार नाही. मीठ अजून परवडतं ना? परवडत नसेल तर तसं कळव, मग मी बोटीची वाट न बघता पोहत येते.

तोयांग (अंगठा)